टोपी राहिली होती

दुधाला विरजण लावायचं राहिलं, बसमध्ये छत्री राहिली, देवापुढची निरांजन विझवायची राहिली, की आमच्या घरात एकच वाक्य ठरलेलं असायचं. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "झालं! राहिली टोपी!" खरं तर घरात टोपी घालणारं कुणी नव्हतं. ही टोपी कॅमेऱ्याची होती. तिच्यापायी माझ्या वडिलांनी तेहतीस वर्षं बोलणी खाल्ली. ती बोलणी माझ्या वाट्याची होती, हे मला गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत कळलं. म्हणून हा लेख.

माझं माहेर धामनोद. बेळगावात हे नाव सांगितलं की लोक विचारतात, "धामणे का?" धामणे इथं जवळच आहे. धामनोद मात्र मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यात. मुंबई-आग्रा रस्त्यानं धुळे, शिरपूर, सेंधवा मागे टाकलं, खलघाटच्या पुलावरून नर्मदा ओलांडली की पुढे धामनोद लागतं. तिथून उजवीकडे गेलं की अहिल्याबाईंचं महेश्वर, आणि वर विंध्याच्या कड्यावर मांडू. चहूकडे कापूस. हिवाळ्यात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि आमच्या अंगणातल्या तुळशीवरसुद्धा कापसाचे तंतू येऊन बसायचे.

तिकडे मराठी माणसं कशी, असंही विचारतात. धार आणि देवासला पवार, इंदूरला होळकर. त्यांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, शिलेदार, मास्तर असे किती तरी गेले आणि तिथलेच झाले. दुसऱ्या बाजीरावांचा जन्मसुद्धा १७७५ साली धारच्या किल्ल्यातला. बाबांचे आजोबा असेच कधीतरी गेले. बाबा धामनोदच्या एका जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस होते. घरात मराठी, दाराबाहेर निमाडी आणि हिंदी.

आणि आई? आई बेळगावकडची. तिच्या माहेरी चुलीपाशी कानडी आणि ओसरीवर मराठी. ओळखीतल्या एका शिक्षकांनी हे लग्न जमवलं. आईला एवढ्या लांब द्यायला अज्जी तयार नव्हती. तेव्हा मामा म्हणाले होते, "आपल्या सुळेभावीचा शिवपुत्र देवासला राहतो. त्याला तिकडची हवा मानवली, मग आपल्या पोरीला नाही का मानवणार?" शिवपुत्र म्हणजे पंडित कुमार गंधर्व. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला, कोमकळीमठांच्या घरातला हा मुलगा क्षयाच्या आजारात कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये देवासला गेला. पुढे तो तिथलाच झाला आणि १९९२ मध्ये तिथंच त्यांनी देह ठेवला. अज्जीला त्यांच्या गाण्यातलं फारसं कळत नव्हतं, पण आपल्याकडचं एक माणूस तिकडे आहे, एवढ्यावर तिनं होकार दिला. सीमेवरच्या माणसांना असा कुणाचा तरी आधार लागतोच.

आता कॅमेऱ्याकडे येते. १९७६ साली बाबांचे आतेभाऊ कुवेतहून आले. त्यांनी बाबांना एक कॅमेरा दिला. यशिका इलेक्ट्रो ३५, त्यातलं जीएसएन हे मॉडेल. काळी-चंदेरी, हातात घेतली तर पाऊण किलोच्या आसपास भरेल अशी वस्तू. तपकिरी चामड्याची पेटी, गळ्यात अडकवायचा पट्टा आणि भिंगावर घट्ट बसणारी काळी टोपी. तोवर आमच्या गल्लीत फक्त एका घरी अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता, बडोद्यात बनलेला. त्याच्यात एका रोलवर बारा फोटो यायचे, आणि ऊन आहे की ढग आहेत एवढंच त्याला सांगायचं असायचं. आमच्या कॅमेऱ्यात एका रोलवर छत्तीस! बाबा चार दिवस तो कॅमेरा नुसता पुसत बसले होते.

या जातीच्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात. त्याची गंमत सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. कॅमेऱ्याच्या कपाळावर थोड्या अंतरानं दोन खिडक्या असतात. जसे आपले दोन डोळे. दोन्ही खिडक्यांतलं चित्र आतल्या आरशांनी एकत्र आणलेलं असतं. डोळा लावला की मधोमध एक लहानसा पिवळसर ठिपका दिसतो आणि त्या ठिपक्यात समोरचं माणूस दोनदा दिसतं, एकावर एक थोडं सरकलेलं. भिंगाची कडी फिरवत गेलं की ती दोन माणसं जवळ येतात आणि एका क्षणी एक होतात. मग अंतर बरोबर जुळलं असं समजायचं. बाबांनी मला दहाव्या वर्षी हे शिकवलं ते एका वाक्यात. "दोन आया दिसतात ना? त्यांची एक आई झाली की दाब."

जर्मनीत लायट्झ कंपनीतल्या ऑस्कर बारनाक यांनी सिनेमाच्या पट्टीवर फोटो काढणारा छोटा कॅमेरा तयार केला आणि १९२५ साली तो लायका नावानं बाजारात आला. १९३२ मध्ये त्याला ही दोन खिडक्यांची सोय भिंगाशी जोडून मिळाली. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार असाच लायका घेऊन जगभर फिरले. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या होण्याच्या काही तास आधी, ते त्यांना भेटले होते. पण लायका राजेरजवाड्यांना परवडायचा. १९६० नंतर जपान्यांनी तीच युक्ती मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आणली. १९६१ ला कॅनोनेट आला, १९६६ ला यशिका इलेक्ट्रो. घरच्या बारशाला, मुंजीला, सहलीला न्यायचा कॅमेरा असं त्याचं रूप झालं.

आमच्या माळव्याला तशी फोटोची हौस जुनीच. राजा दीनदयाळ हे मोठे छायाचित्रकार. त्यांची सुरुवात इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करताना झाली आणि तिथून ते निजामाच्या हैदराबादेत गेले. इंदूरच्या यशवंतराव होळकरांचे फोटो तर मॅन रे या जगप्रसिद्ध कलावंतानं काढलेले आहेत. पण हे सगळं वरच्या लोकांचं. धामनोदच्या मुनीम-मास्तरांच्या घरात फोटो म्हणजे लग्नाचा एक आणि गेल्यावर हार घालायचा एक.

अज्जीचा तर एकही नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, ही तिची पक्की समजूत. लग्नात फोटोवाला आला की ती कोठीच्या खोलीत जाऊन बसायची. तेव्हा ना मतदार ओळखपत्र होतं ना आधार कार्ड, त्यामुळे सरकारलाही तिचा चेहरा कधी लागला नाही.

ही अज्जी १९७९ च्या माघात, नर्मदा जयंतीला आमच्याकडे आली. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचीच. मामांबरोबर मिरजेला गाडी बदलून पुण्याला, तिथून इंदूरच्या बसनं रात्रभर बसून. मावशीही सोबत होती. खलघाटच्या पुलावर बस आली तेव्हा तिनं खिडकीतून नर्मदेत पैसा टाकला, हे मामा कौतुकानं सांगत होते. तिला नर्मदेचं स्नान करायचं होतं आणि अहिल्याबाईंचा घाट पाहायचा होता.

आदल्या रात्री बाबांनी इंदूरहून खास आणलेला ओर्वोचा नवा काळा-पांढरा रोल काढला. एरवी आमचा एक रोल तीन-तीन महिने पुरायचा. एकेक फोटो विचार करून. पण त्या दिवशी बाबा म्हणाले, "उद्या सगळा रोल सासूबाईंचा. ओरडल्या तरी काढायचे." आणि रोल माझ्या हातात दिला. "तू भर."

मी बारा वर्षांची. त्याआधी दोनदा त्यांच्या देखत भरला होता. मागचं झाकण उघडायचं, रोलची डबी डाव्या खणात बसवायची, पट्टीचं टोक ओढून उजवीकडच्या गोल स्पूलच्या फटीत खुपसायचं, दाते पट्टीच्या भोकांत बसले का पाहायचं, झाकण लावायचं आणि दोनदा लिव्हर ओढायचा. मी सगळं केलं. लिव्हर ओढला की आतून "ठक्" असा आवाज यायचा, तोही आला. मला वाटलं, झालं. बाबा तेव्हा मामांशी बोलत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली.

महेश्वरचा तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. घाटावर ही गर्दी. अज्जीनं स्नान केलं, अहिल्येश्वराचं दर्शन घेतलं. वाड्यात अहिल्याबाईंच्या गादीपुढे ती बराच वेळ हात जोडून बसली. बाबांनी विणकराच्या घरून घेतलेली माहेश्वरी साडी तिनं तिथंच बदलली. एरवी इरकलीशिवाय न नेसणारी बाई त्या साडीत घाटाच्या पायऱ्यांवर बसली आणि आईला म्हणाली, "नर्मदा बघत्येय, आता काय व्हायचं ते होऊ दे. काढा म्हणावं जावयांना."

मग बाबांनी काय फोटो काढले! पायऱ्यांवर अज्जी, अज्जी आणि आई, अज्जीच्या मांडीवर माझा धाकटा भाऊ, होडीत बसलेली अज्जी, मावशीनं काहीतरी सांगितल्यावर तोंडाला पदर लावून हसणारी अज्जी. थोड्या वेळानं ती म्हणायला लागली, "साकु, साकु." पुरे, पुरे. पण हसत होती. त्या कॅमेऱ्याचा आवाज फार हळू. दुसऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांसारखा आत आरसा आपटत नाही, त्यामुळे कधी फोटो निघाला हे समोरच्याला कळतही नाही. पाचसहा फोटोंनंतर अज्जी कॅमेरा विसरूनच गेली.

परतीच्या बसमध्ये मी बाबांच्या शेजारी बसले होते. ते लिव्हर ओढत होते. छत्तीस फोटो झाले की लिव्हर अडतो. तो अडेना. त्यांनी आणखी एकदा ओढला, आणखी एकदा. मग त्यांनी डावीकडची रोल गुंडाळायची कडी धरून हळूच फिरवली. ती सहज फिरली. ते कॅमेऱ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी पेटीचं बटण लावलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मला काहीच कळलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेले.

घरी चहा झाला. मामांनी विचारलं, "भावजी, फोटो कधी मिळतील?" बाबा कप खाली ठेवत म्हणाले, "मोठी चूक झाली माझ्याकडून. टोपी काढायचीच राहिली. भिंगावर टोपी तशीच होती. एकही फोटो आलेला नाही."

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात हे होऊ शकतं. मोठ्या कॅमेऱ्यात आपण भिंगातूनच पाहतो, टोपी असली तर काळोख दिसतो. यात पाहायची खिडकी वेगळी, भिंग वेगळं. प्रकाश मोजणारा डोळाही भिंगाबाहेर. टोपी असली तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं आणि बटण दाबलं की खुशाल "खट्" होतं. हा कॅमेरा वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं एकदा तरी ही चूक केलेली असते. त्यामुळे कुणाला संशय येण्याचं कारणच नव्हतं.

आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही. अज्जीनंच तिला समजावलं. "जाऊ दे गं. देवाच्या मनात नव्हतं. पुढच्या खेपेला काढतील." मामा मात्र हसत बेळगावला गेले आणि तिथं सगळ्यांना सांगितलं, "जावयानं सासूला टोपी घातली!" तेव्हापासून बाबा आमच्या आजोळी 'टोपीवाले जावई' झाले. लग्नकार्यात गेले की कुणीतरी विचारायचंच, "काय जावई, टोपी काढली का?" बाबा हसायचे आणि डोक्यावरून हात फिरवायचे.

पुढची खेप आली नाही. त्याच वर्षी श्रावणात अज्जी गेली. तार आली तेव्हा आई अंगणात कपडे वाळत घालत होती. तिला दर्शनही मिळालं नाही. आणि त्या रात्री पहिल्यांदा ती बाबांना जे बोलली, ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं. "माझ्या आईचं तोंड मला आता कधी बघायला मिळायचं नाही. तुमच्या त्या टोपीमुळे." बाबा काही बोलले नाहीत.

मला एक गोष्ट आठवते, ती मी कधी कुणाला सांगितली नव्हती. होडीत बसताना बाबांनी टोपी सदऱ्याच्या खिशात टाकलेली मी पाहिली होती. पण वडील म्हणतात टोपी राहिली, तर राहिली असेल. पुन्हा लावली असेल. बारा वर्षांची पोर याहून जास्त काय विचार करणार? आणि खरं सांगायचं तर मला तो विचार पुढे न्यायचाच नव्हता.

पुढच्या महिन्यात बाबांनी तो रोल पुन्हा बाहेर काढला. तो कोराच होता. पुन्हा माझ्याच हातात दिला. "भर." मी भरला. या वेळी त्यांनी माझं बोट धरून डावीकडच्या कडीवर ठेवलं. "लिव्हर ओढताना ही कडी फिरते का बघायचं. फिरली तर रोल धरला. नाही फिरली तर पुन्हा झाकण उघडायचं. हे कधी विसरायचं नाही." एवढंच. रागाचा एक शब्द नाही. पुढे माझं लग्न होईपर्यंत आमच्या घरातला प्रत्येक रोल मीच भरला.

१९८९ साली मी लग्न होऊन बेळगावला आले, आईच्या मुलखात. बाबांनी कॅमेरा द्यायचा म्हटलं, पण मी तो त्यांच्याकडेच राहू दिला. नंतर रंगीत रोल आले, मग मोबाईल आले. धामनोदच्या कपाटात कॅमेरा पडून राहिला. यशिका ज्यांच्याकडे गेली होती त्या क्योसेरा कंपनीनं २००५ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदाच बंद केला. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे इंदू रोल नाहीसे झाले. तो कारखानाही आता बंद आहे. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच वर्षी भाद्रपदात बाबा गेले.

आई माझ्याकडे राहायला आली. येताना एक पत्र्याची पेटी आणली. तिच्यात बाबांचा कोट, चष्मा, कॅमेरा आणि काही वह्या. ती पेटी तिनं कुणाला उघडू दिली नाही. मीही आग्रह केला नाही. गेल्या दिवाळीत पेटीला खालून गंज धरलेला दिसला, तेव्हा तीच म्हणाली, "काढ बाई आता सगळं, उन्हात टाक."

आपल्या बेळगावच्या पावसानं त्या कॅमेऱ्याचं काय करावं! निमाडच्या कोरड्या हवेत छत्तीस वर्षं जो काचेसारखा राहिला, त्याच्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली होती. चामड्याची पेटी ओल धरून ठेवते, हे मला ठाऊक असतं तर मी आधीच काढून ठेवला असता. मागच्या झाकणाच्या कडेचा स्पंज चिकट काळं डांबर झाला होता. पण लिव्हर ओढला तर "ठक्" आवाज आला. बाबा म्हणायचे, तो आवाज आहे तोवर कॅमेरा जिवंत आहे.

वह्यांमध्ये एक लांबट, लाल कापडाची चोपडी होती, जिनिंग फॅक्टरीतल्या हिशेबाच्या चोपडीसारखी. बाबांनी तिच्यात प्रत्येक रोलचा जमाखर्च लिहिला होता. तारीख, गाव, किती फोटो, किती चांगले, किती वाया, धुवायला किती पैसे पडले. मी सहज पानं उलटत होते. रोल अकरा आला.

"रोल ११. नर्मदा जयंती, महेश्वर. रोल स्पूलला धरला नाही. फोटो शून्य. घरी टोपी राहिली असे सांगितले. पुढचा रोल पुन्हा तिलाच भरू देणे."

मी ते पान धरून जमिनीवर बसून राहिले. शेवटच्या ओळीपाशी मला रडू आवरलं नाही. हिशेबात कधी एक पैसा इकडचा तिकडे न करणाऱ्या माणसानं आयुष्यात एक खोटं सांगितलं, आणि तेही प्रामाणिकपणे चोपडीत खर्ची टाकलं. त्यांनी त्या दिवशी खरं सांगितलं असतं, तर अज्जी गेल्यावर आईचा तो सगळा राग कुणावर आला असता? आजोळी 'टोपीवाली पोर' कोण झालं असतं? बारा वर्षांच्या मुलीला ते ओझं जन्मभर पुरलं असतं. त्यांनी ते स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि वर हसत राहिले.

आईला सांगावं की नाही, यावर मी आठ दिवस विचार केला. ती ऐंशीची. पण तिनं बाबांना त्या टोपीवरून किती बोललं होतं, आणि ते खोटं होतं, हे तिला न कळताच राहू द्यावं का? शेवटी एका दुपारी चोपडी घेऊन तिच्यापुढे बसले आणि वाचून दाखवलं. म्हटलं, "आई, चूक माझी होती. बाबांची नाही."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ते शेवटचं पुन्हा वाच." मी वाचलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि फार दिवसांनी माझ्याशी कानडीत बोलली. "इरली बिडू." असू दे, सोड. थोड्या वेळानं मराठीत म्हणाली, "एकदा तरी मला सांगायचं होतं त्यांनी. मी काय तुला खाल्लं असतं?" मग स्वतःशीच, "खाल्लंच असतं म्हणा."

त्यानंतर मी कॅमेरा दुरुस्त करायचं मनावर घेतलं. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर असा एखादा जुना कॅमेरा असेल, म्हणून चार गोष्टी सांगते. पहिली म्हणजे, कॅमेरा सापडला की लगेच मागचं झाकण उघडू नका. आत कुणीतरी घातलेला रोल असू शकतो. डावीकडची कडी हळूच फिरवून पाहा. घट्ट लागली तर आत रोल आहे, तो आधी गुंडाळून घ्या. त्यात कुणाचा चेहरा असेल सांगता येत नाही. दुसरं, सेलचा खण पाहा. जुना सेल आतच राहिला असेल तर तो पाझरून गंज धरतो. आमच्या यशिकाचा मूळ सेल ५.६ व्होल्टचा, पाऱ्याचा होता. पाऱ्याचे सेल आता मिळत नाहीत. पण एलआर ४४ या नावाचे बटणासारखे चार सेल एकावर एक ठेवले की सहा व्होल्ट होतात. कागदाची पुंगळी आणि एक लहान स्प्रिंग घालून ते खणात बसवले आणि मागचं बटण दाबलं, तर हिरवा दिवा लागला! हा कॅमेरा सेल नसतानाही चालतो, पण एकाच वेगानं, सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या. म्हणजे फक्त चांगल्या उन्हात.

तिसरं, झाकणाच्या कडेचा कुजलेला स्पंज काढून तिथं काळ्या लोकरीचा धागा बसवता येतो. ते मी घरीच केलं. भिंगाची बुरशी मात्र घरी काढायला जाऊ नका. ते जाणत्या कारागिराचं काम. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पेटीत ठेवूच नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटल्यांतून येतात त्या सिलिकाच्या पुड्या घालून ठेवा. रोल अजून मिळतात, काळे-पांढरे आणि रंगीतही. मोठ्या शहरांत टपालानं पाठवून धुवूनही मिळतात. खर्च आहे. एका रोलच्या खर्चात घरची आठवड्याची भाजी येते. पण म्हणूनच माणूस छत्तीस वेळा नीट पाहतो. मोबाईलमध्ये आमच्याकडे हजारो फोटो आहेत. त्यांतले किती पुन्हा पाहिले, विचारू नका.

संक्रांतीला मुलगा बेंगळुरूहून सहकुटुंब आला होता. नात अकरा वर्षांची. आईशी कानडीत, माझ्याशी मराठीत, आणि भांडताना दोन्हींत. मी रोल तिच्या हातात दिला. "भर." तिनं भरला. मी तिचं बोट डावीकडच्या कडीवर ठेवलं. लिव्हर ओढताना कडी फिरली.

आई अंगणात खुर्चीवर बसली होती, अज्जीची जुनी इरकल नेसून. नात कॅमेरा डोळ्याला लावून कडी फिरवत होती. म्हणाली, "दोन दोन पणजी दिसतायत!" मी म्हटलं, "एक झाली की दाब." तेवढ्यात आईनं हात वर करून तिला थांबवलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "टोपी काढलीस ना गं?" आम्ही सगळे हसलो आणि आईही हसली, तोंडाला पदर लावून. त्याच क्षणी पोरीनं बटण दाबलं.

रोल धुवून आला. एकतीस फोटो चांगले होते. आईचा तो हसणारा फोटो घेऊन मी मावशीकडे गेले. तिला आता कमी दिसतं. तिनं फोटो खिडकीपाशी धरला, चष्मा सारखा केला आणि एकच शब्द बोलली. "अव्वा!"

महेश्वरच्या त्या साडीचा रंग कोणता होता, यावर आमच्याकडे अजून वाद आहे. आई म्हणते अंजिरी, मावशी म्हणते हिरवा. मी म्हणते, फोटो निघाले असते तरी हा वाद मिटला नसता, रोल काळा-पांढराच होता ना!

बाबांच्या चोपडीत शेवटच्या नोंदीखाली जागा होती. तिथं मी तारीख घातली, गाव बेळगाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, "रोल धरला. टोपी काढली होती."